सर्व्हिसिंगच्या दिवशी इंजिनात घाण शिरू नये म्हणून : बीएस-६ अवजड ट्रकसाठी क्रमवार मार्गदर्शन

इंजेक्टर गेले, पिक-अप राहिला नाही, टर्बो ऑइल टाकू लागला, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या ट्रकमालकाचे पुढचे वाक्य बहुधा ठरलेले असते : ‘सर्व्हिसिंग तर प्रत्येक वेळी वेळेवर केले होते.’ ते खरेही असते. बिले असतात, फिल्टरचे रिकामे खोके असतात, तारखाही जुळतात. पण सर्व्हिसिंग कोणत्या क्रमाने झाले आणि नवा फिल्टर बसवताना त्याच्या स्वच्छ बाजूला काय शिरले, हे कोणत्याच बिलावर लिहिलेले नसते. रस्त्यावर धावताना इंजिन बंदिस्त असते आणि उघडे पडते ते सर्व्हिसिंगच्या त्या दोन-तीन तासांतच. म्हणून किती किलोमीटरला काय बदलावे याची यादी येथे दिलेली नाही, ती प्रत्येक ट्रकच्या पुस्तिकेत असते. हा लेख आहे तो काम कसे करावे याविषयी.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ मानके लागू झाली आणि बहुतेक अवजड ट्रकच्या इंजिनांवर सायलेन्सरच्या बाजूने डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आणि एससीआर (डीईएफ हे युरियाचे द्रव फवारून धुरातले विषारी वायू कमी करणारी यंत्रणा) ही दोन्ही अंगे दिसू लागली. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनावर हात बसलेले अनेक कसबी मिस्त्री आजही त्याच सवयींनी नव्या इंजिनावर काम करतात. त्यांच्या कसबाविषयी मला आदर आहे. परंतु त्यांतल्या काही सवयी कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या, इंजिनाला मारक ठरतात, आणि एक-दोन तर माणसाच्या जिवावर बेतणाऱ्या आहेत.

तयारी

ट्रक सपाट जागेवर उभा करावा, हँडब्रेक लावून चाकांना ओट लावावी आणि केबिन उचलल्यानंतर तिचा लॉक बसल्याची हाताने खात्री करावी. किल्ली बंद केल्यावर बॅटरीचा कट-ऑफ लगेच फिरवू नये, कारण डीईएफचा पंप नळीत उरलेले द्रव टाकीत परत ओढून घेतो आणि त्याला काही मिनिटे लागतात. ते अर्धवट राहिले तर द्रव नळीत आणि नोझलमध्ये वाळून खडे धरते.

फिल्टरचे हेड, एअर क्लीनरचे झाकण, ऑइल भरण्याचे तोंड आणि त्यांच्या आजूबाजूची वीतभर जागा उघडण्याआधी पुसून काढावी. हे काम कॉटन वेस्टने करू नये, कारण तिचे तंतू सुटतात. धुतलेले, धागे न सुटणारे कापड घ्यावे. पाण्याचा जोरदार फवारा वापरायचाच असेल, तर तो ईसीएमच्या (इंजिनाच्या संगणकाच्या) कनेक्टरवर, अल्टरनेटरवर आणि ब्रीदरवर (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या तोंडावर) मारू नये. नवे फिल्टर खोक्यातून आणि प्लास्टिकमधून बसवण्याच्या क्षणीच बाहेर काढावेत. सकाळीच सगळे फिल्टर खोलून बाकावर ओळीने मांडून ठेवलेले मी अनेक गॅरेजांत पाहिले आहेत, आणि शेजारीच ग्राइंडर चालू असतो.

कामांचा क्रम आणि त्याचे कारण

ऑइल गरम असतानाच नीट उतरते, तर रेडिएटरचे झाकण इंजिन थंड झाल्याशिवाय उघडता येत नाही. तापलेल्या एक्झॉस्टवर डिझेल सांडले तर आग लागू शकते. या तिन्ही गोष्टी लक्षात घेतल्या की क्रम आपोआप ठरतो : आधी ऑइल उतरवावे, ते निथळत असताना एअर फिल्टर पाहावा, इंजिन निवल्यावर डिझेलचे फिल्टर बदलावेत, पूर्ण थंड झाल्यावर कूलंट पाहावे आणि शेवटी नवे ऑइल भरावे. घाईत हा क्रम उलटा होतो आणि बहुतेक चुकांची सुरुवात तेथूनच होते.

टप्पा १ : उघडण्यापूर्वीची नोंद

ट्रक आल्याबरोबर, इंजिन चालू असतानाच पाच गोष्टी लिहून घ्याव्यात : स्कॅनरवर दिसणारे फॉल्ट कोड, धुराचा रंग, आयडलिंगचा आवाज एकसारखा आहे की नाही, ब्रीदरमधून येणाऱ्या वाफेचा जोर आणि कूलंटची पातळी. त्यानंतर इंजिन बंद करून पंधरा मिनिटांनी गेजवर ऑइलची पातळी पाहावी.

ऑइल कमी झाले तर सगळ्यांचे लक्ष जाते. ऑइल वाढले असेल तर मात्र कोणी चिंता करत नाही, उलट इंजिन ऑइल खात नाही म्हणून समाधान मानले जाते. पातळी वाढली असेल तर ऑइलमध्ये डिझेल किंवा कूलंट मिसळत आहे असेच समजावे. डीपीएफची काजळी जाळण्यासाठी, म्हणजे रीजनरेशनसाठी, अनेक इंजिने सिलिंडरमध्येच उशिरा जादा डिझेल सोडतात. रीजनरेशन वारंवार अर्धवट तुटले की त्यातला काही अंश लायनरच्या (सिलिंडरच्या आतल्या नळीच्या) भिंतीवरून चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) उतरतो, ऑइल पातळ होते आणि बेअरिंगवरची त्याची पकड सुटते. अशा इंजिनात नुसते ऑइल बदलून भागत नाही, मूळ कारण शोधावेच लागते.

तपासणी : गेजवरचे ऑइल दुधाळ दिसले, किंवा त्याला डिझेलचा वास आला, तर सर्व्हिसिंग तेथेच थांबवावे आणि आधी दोष शोधावा.

टप्पा २ : गरम ऑइल उतरवणे

चेंबरचा नट उघडल्यावर पहिली धार तशीच जाऊ द्यावी आणि मधल्या धारेचे थोडे ऑइल कोरड्या, स्वच्छ बाटलीत धरावे. मोठ्या ताफ्यांनी हा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा असा माझा आग्रह आहे, कारण इंजिन उघडण्याच्या खर्चापुढे हा खर्च काहीच नाही. अहवालात सिलिकॉन आणि लोखंड बरोबरीने वाढलेले दिसले तर धूळ शिरत आहे, सोडियम किंवा पोटॅशियम वाढले तर बहुधा कूलंट उतरत आहे. एका अहवालावरून फार निष्कर्ष काढू नये. त्याच ट्रकचे लागोपाठचे तीन अहवाल समोर ठेवले की उतार-चढाव स्वच्छ दिसतो.

ऑइल निथळू द्यावे. निथळून झाल्यावर नट नवा वॉशर घालून लगेच बसवावा, नंतरसाठी ठेवू नये.

टप्पा ३ : एअर फिल्टर

या टप्प्यावर सर्वांत जास्त नुकसान होते ते अति काळजीपोटी. चंद्रपूरच्या कोळशाच्या वाहतुकीत किंवा खडीच्या क्रशरवर चालणाऱ्या टिपरचा एअर फिल्टर दर दोन-तीन दिवसांनी काढून टायरवर आपटणे आणि कॉम्प्रेसरची हवा मारून पुन्हा बसवणे ही सर्रास चालणारी पद्धत आहे. हवेच्या झोताने कागदाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे पडतात आणि आपटल्याने टोकाची चकती वाकून तिची सीलिंग बिघडते. शिवाय कागदावर धुळीचा थोडा थर बसलेला फिल्टर कोऱ्या फिल्टरपेक्षा बारीक धूळ अधिक चांगली अडवतो. फिल्टर मळका दिसतो म्हणून तो निकामी झाला असे होत नाही. तो कधी बदलायचा हे क्लॉगिंग इंडिकेटरवर (फिल्टर किती तुंबला हे दाखवणाऱ्या खुणेवर) ठरवावे, रंगावर ठरवू नये.

बदलताना पुढील पद्धत ठेवावी :

१. बाहेरचा फिल्टर झटका न देता, हळू फिरवत काढावा. झटक्याने त्याच्यावरची धूळ आतल्या फिल्टरवर पडते.

२. डब्याची आतली बाजू ओल्या कापडाने पुसावी. हवा मारून साफ करू नये.

३. आतला, म्हणजे सेफ्टी फिल्टर, उगाच काढू नये आणि कधीही साफ करू नये. बाहेरचा साधारण तीन वेळा बदलला की एकदा तो नवाच घालावा. तो काढलेला असेल तेवढा वेळ टर्बोकडे जाणाऱ्या नळीचे तोंड स्वच्छ कापडाने झाकावे, आणि नवा फिल्टर घालण्यापूर्वी ते कापड काढल्याची दोघांनी खात्री करावी.

४. नळीच्या आत, सेफ्टी फिल्टरच्या पलीकडे, पांढरे कापड गुंडाळलेले बोट फिरवावे. कापडावर मातकट रेघ उमटली तर धूळ फिल्टरला बगल देऊन आत जात आहे. मग होज पाइप, जुबली क्लिप आणि डब्याची कड एकेक करून तपासावी.

५. डब्याच्या तळाचा रबरी धूळझडप फाटलेला किंवा उलटा वळलेला नसावा. तो रोज सकाळी दाबून धूळ पाडण्याचे काम ड्रायव्हर किंवा क्लीनरकडे सोपवावे.

सावधान : टर्बोच्या आधीची नळी सैल असेल तर धूळ आत जाते. टर्बोच्या नंतरची, म्हणजे इंटरकूलरकडची (टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीकडची) नळी सैल असेल तर दाबाची हवा बाहेर फुटते, गाडी घाटात ओढत नाही, काजळी वाढते आणि डीपीएफ लवकर भरतो. पिक-अप कमी झाल्याची तक्रार असेल तर इंजेक्टर काढण्यापूर्वी या जोडांवर साबणाचे पाणी लावून पाहावे.

टप्पा ४ : डिझेलचे फिल्टर आणि एअर काढणे

हा लेख लिहिण्याचे मुख्य कारण हा टप्पा आहे. कॉमन रेलमध्ये डिझेलचा दाब १,६०० बारच्या वर जातो. ट्रकच्या टायरमध्ये साधारण ८ बार हवा असते, हे लक्षात घेतले म्हणजे या दाबाची कल्पना येईल. इंजेक्टरच्या आत एकमेकांवर सरकणाऱ्या भागांमधली फट अवघ्या दोन-चार मायक्रॉनची असते, तर माणसाच्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन. म्हणजे जो कण डोळ्याला दिसत नाही, तोही त्या फटीत अडकून ओरखडा पाडू शकतो.

नवा फिल्टर बसवण्यापूर्वी तो कॅनमधल्या डिझेलने काठोकाठ भरण्याची सवय जुन्या पंपाच्या काळातली आहे. त्यामुळे एअर, म्हणजे डिझेलच्या मार्गात अडकलेली हवा, लवकर निघते आणि सेल्फ कमी मारावा लागतो. परंतु कॅनमधले डिझेल गाळलेले नसते, आणि फिल्टरच्या मधल्या मोठ्या भोकातून ते ओतले तर ते थेट स्वच्छ बाजूला, म्हणजे पंपाच्या आणि इंजेक्टरच्या दिशेने पडते. माझ्या देखरेखीखालच्या एका सहा सिलिंडरच्या ट्रकचे फिल्टर प्रवासात एका रस्त्याकडेच्या गॅरेजात असेच भरून बसवले गेले. तिसऱ्या दिवशी आयडलिंग हलू लागले. इंजेक्टर टेस्ट बेंचवर लावले, तेव्हा दोन इंजेक्टर नको इतके डिझेल परत सोडत होते आणि उघडल्यावर आतल्या पिस्टनवर केसासारख्या उभ्या रेघा दिसल्या. ड्रायव्हरने सांगितले की नरसाळे भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेले होते, ते फुंकर मारून वापरले. त्या फुंकरीने किती धूळ गेली आणि किती राहिली, हे त्या रेघाच सांगत होत्या.

योग्य पद्धत अशी आहे :

१. वॉटर सेपरेटरचा तळाचा नॉब उघडून पाणी काढावे. जुन्या फिल्टरमधले डिझेल काचेच्या स्वच्छ बरणीत ओतून अर्धा तास स्थिर ठेवावे. तळाशी पाण्याचा थर, तांबूस गंज किंवा काळा बुळबुळीत गाळ दिसला तर दोष टाकीत आहे. अशा वेळी फिल्टर बदलून काही साधत नाही, टाकी उतरवून धुवावी लागते.

२. जुना फिल्टर काढल्यावर त्याचे रबरी सील त्याच्याबरोबर निघाले आहे ना, हे पाहावे. ते हेडला चिकटून राहिले आणि त्यावर नवे सील बसले, तर जोड काही दिवस टिकतो आणि मग नेमका भर रस्त्यात हवा घेऊ लागतो.

३. नव्या फिल्टरच्या सीलला स्वच्छ डिझेलचे बोट लावावे आणि फिल्टर कोरडाच बसवावा. सील टेकल्यानंतर फिल्टरवर छापलेल्या सूचनेइतकाच हाताने आवळावा. पट्टा-पान्याने आवळू नये.

४. हेडवरचा एअर स्क्रू सैल करून हँड प्राइमर (डिझेल ओढणारा हातपंप) मारत राहावा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग बुडबुड्यांशिवायची अखंड धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळावा आणि प्राइमर हाताला कडक लागेपर्यंत मारावा. कोरड्या फिल्टरला यासाठी शंभराहून अधिक वेळा दाबावे लागले तरी कंटाळू नये. विजेवर चालणारा प्राइमिंग पंप असेल तर किल्ली फक्त चालू करून तो थांबेपर्यंत वाट पाहावी आणि हे तीन-चार वेळा करावे.

५. सेल्फ टप्पा ६ मधले नवे ऑइल भरल्यानंतरच मारावा. तो एका वेळी १० ते १५ सेकंदांहून जास्त मारू नये आणि मध्ये किमान एक मिनिट थांबावे. सलग मारलेल्या सेल्फमुळे स्टार्टर जळतो, आणि कोरड्या पंपाला त्याहून अधिक इजा होते.

धोका : जुन्या इंजिनावर इंजेक्टरच्या पाइपचा नट सैल करून एअर काढली जात असे. कॉमन रेलवर, इंजिन चालू असताना किंवा सेल्फ मारत असताना, हे कधीही करू नये. या दाबाची डिझेलची धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, रक्तही फारसे येत नाही, दुखणेही सुरुवातीला कमी असते. तरीही त्याच क्षणी काम सोडून, शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे आणि डॉक्टरांना ‘दाबाखालचे डिझेल आत गेले आहे’ असे स्पष्ट सांगावे. उशीर झाला तर बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. गळती शोधताना हात न फिरवता पुठ्ठ्याचा तुकडा धरावा.

पावसाळ्यात टाकी रात्रभर अर्धी रिकामी राहिली तर आतल्या दमट हवेचे पाणी होऊन ते तळाशी बसते. शक्य असेल तेथे डिझेल संध्याकाळी भरावे आणि सेपरेटरमधले पाणी सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी काढावे.

टप्पा ५ : कूलंट

रेडिएटरमध्ये बोअरवेलचे पाणी ओतणे ही इतकी रुळलेली गोष्ट आहे की तिच्याकडे चूक म्हणून कोणी पाहत नाही. अशा पाण्यातले क्षार लायनरच्या बाहेरच्या बाजूस आणि रेडिएटरच्या नळ्यांत कठीण थर धरतात. दुसरा परिणाम त्याहून गंभीर आहे. बहुतेक अवजड इंजिनांत लायनरला बाहेरून थेट कूलंट लागलेले असते. पिस्टनच्या धक्क्यांनी लायनर थरथरतो, त्याच्या पृष्ठभागावर सूक्ष्म बुडबुडे होतात आणि फुटताना ते धातू कुरतडतात. कूलंटमधली रसायने लायनरवर संरक्षक पापुद्रा धरतात, पण साध्या पाण्यात तो तयार होत नाही. अखेर लायनरला बारीक छिद्र पडते आणि पाणी चेंबरमध्ये उतरते. त्या वेळी गरम झाल्याची खूण काट्यावर दिसतेच असे नाही.

उत्पादकाने सांगितलेलेच कूलंट घ्यावे, तयार मिश्रण नसेल तर क्षारविरहित पाण्यात सहसा निम्मे-निम्मे मिसळावे, आणि दोन वेगळ्या प्रकारची कूलंटे एकत्र करू नयेत. त्यांचा रंग सारखा असला म्हणजे प्रकार सारखा असे नाही. भरताना धार बारीक ठेवावी, केबिनच्या हीटरची नळी असल्यास तिचा कॉक उघडा ठेवावा आणि पुढे नवे ऑइल भरल्यानंतर (टप्पा ७) इंजिन चालवून, थर्मोस्टॅट उघडून, पुन्हा थंड झाल्यावर पातळी पाहावी.

तपासणी : झाकणाचे रबर आणि स्प्रिंग पाहावी. १ बार दाबाच्या झाकणाखाली पाणीसुद्धा सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही, पण झाकण ढिले झाले की ते १०० अंशांनाच उकळू लागते. घाटात गाडी गरम होते म्हणून हेड उघडण्याआधी हे झाकण बदलून पाहावे.

टप्पा ६ : नवे ऑइल

डीपीएफ असलेल्या इंजिनात एपीआय सीके-४ किंवा पुस्तिकेत दिलेल्या दर्जाचे, कमी राखेचे ऑइलच घालावे. ऑइल जळून उरलेली राख रीजनरेशनमध्ये जळत नाही, ती डीपीएफमध्ये कायमची साठते. गेजच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त भरू नये.

टप्पा ७ : पहिले स्टार्टिंग

सुरू झाल्यावर ऑइल प्रेशरचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. तो विझेपर्यंत आणि त्यानंतरही दोन-तीन मिनिटे रेस करू नये, कारण टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेऊ शकतो आणि ऑइल पोहोचण्याआधी तो कोरडा फिरता कामा नये. हीच काळजी उलट बाजूनेही घ्यावी. कसारा किंवा बोरघाट भरल्या मालाने चढून आल्यावर गाडी लगेच बंद न करता दोन-तीन मिनिटे आयडलिंगवर ठेवावी, नाहीतर तापलेल्या टर्बोमध्येच ऑइल जळून कोळसा होते.

टप्पा ८ : डीईएफ आणि डीपीएफ

डीईएफमध्ये ३२.५ टक्के युरिया आणि उरलेले शुद्ध पाणी असते. शेतीचा युरिया साध्या पाण्यात विरघळवून डीईएफ स्वस्तात तयार करता येते हा समज महागात पडतो, कारण त्यातली खनिजे आणि इतर द्रव्ये नोझल व कॅटॅलिस्ट निकामी करतात. बंद कॅन सावलीत ठेवावेत आणि नरसाळे फक्त डीईएफसाठी वेगळे ठेवावे. चुकून डीईएफच्या टाकीत डिझेल गेले तर किल्ली चालूसुद्धा करू नये. टाकी रिकामी करून धुतल्यावरच पुढे जावे. किल्ली फिरली की पंप ते पुढे ढकलतो आणि मग संपूर्ण डोजिंग यंत्रणा बदलावी लागते.

रीजनरेशनचा दिवा लागला की ड्रायव्हर तो विझवण्याचे बटण शोधतो. घाईत असलेल्या माणसाचे ते समजू शकते, पण तीन वेळा तुटलेले रीजनरेशन चौथ्या वेळी गाडी लिम्प मोडमध्ये (इंजिन स्वतःची ताकद कमी करून गाडी हळूच चालू देते त्या स्थितीत) टाकू शकते. उभ्या गाडीवर रीजनरेशन करताना डीपीएफमधले तापमान ६०० अंशांच्या आसपास जाते. साखर कारखान्याच्या आवारात पाचटावर, सुक्या गवतावर किंवा डिझेल सांडलेल्या जागेवर ते मुळीच करू नये. एक्झॉस्टच्या मागे माणूस किंवा ताडपत्री नाही, हे उतरून पाहावे.

डीपीएफ वारंवार भरत असेल तर तो धुवायला पाठवण्याआधी टप्पा १, ३ आणि ४ मधल्या नोंदी पुन्हा वाचाव्यात. काजळी डीपीएफ तयार करत नाही. ती इंटरकूलरच्या फुटक्या नळीतून, गळक्या इंजेक्टरमधून किंवा ऑइल सोडणाऱ्या टर्बोमधून आलेली असते. मूळ दोष तसाच ठेवून धुतलेला डीपीएफ काही आठवड्यांत पुन्हा त्याच टेबलावर येतो.

टप्पा ९ : दोनशे किलोमीटरनंतर

माल भरून साधारण दोनशे किलोमीटर चालल्यावर गाडी पुन्हा पाहावी. डिझेल फिल्टरची कड, चेंबरचा नट आणि एअर क्लीनरनंतरच्या दोन्ही क्लिपा कोरड्या पुठ्ठ्याने आणि हाताने, इंजिन बंद ठेवून तपासाव्यात. थंड इंजिनावर ऑइल व कूलंटची पातळी बघून ती टप्पा १ मधल्या कागदावरच, त्याच ओळीखाली, तारीख आणि किलोमीटरसह लिहावी. तो कागद गाडीच्या फाइलमध्ये राहावा. पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी कोणत्याही मिस्त्रीच्या हाताखाली आली, तरी त्याने पाना उचलण्याआधी तोच उघडावा.